पहिल्याच विचारण्याला हो

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुठल्या डिपार्टमेंटला आहेस तेही विचारलं नाही. सरळ गराजमध्ये नेलं, सायकलची एक ट्यूब हातात दिली आणि म्हणाले, "भोक शोध."

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत त्या आठवड्यात मी सात घरं बघितली होती. कुणाला व्हेजच मुलगी हवी होती, कुणाला "चांगल्या बॅकग्राउंडची". भोक शोधायला कुणी सांगितलं नव्हतं. मी ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती गालाजवळ धरून सावकाश फिरवली. एका जागी गालाला गार लागलं. तिथं बोट ठेवलं.

"बादली नाही मागितलीस?"

"शाळेच्या रस्त्यावर बादली कुठनं आणणार, काका?"

त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. मुलाखत संपली. करारावर सही करताना काकूंनी नाव विचारलं. त्यांनी मात्र पुढची तीन वर्षं मला "बेसमेंट" म्हणूनच हाक मारली. वरच्या खोलीत एक तेलुगू मुलगा राहायचा, तो "अ‍ॅटिक". शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याचं नाव "कुंपण". "बेसमेंट, वर ये, कुंपणाचं लॉनमोवर बिघडलंय," असं ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचे, आणि मी असाइनमेंट टाकून जायचे. न जाऊन सांगता कुणाला? घरमालक होते.

उंच, वाळके, सत्तरीला आलेले. सायकल चालवतानाही इस्त्रीचा फुल शर्ट आणि खिशाला पेन. हेल्मेट एकदा डोक्यावर चढवलं की भाजी आणायला दुकानात गेले तरी उतरवायचे नाहीत. म्हणायचे, "अपघात काय फक्त रस्त्यावर होतात?" हाताचं ग्रीस काढायला साखर आणि भांड्यांचा साबण वापरायचे, त्यामुळं काकूंचा साखरेचा डबा कायम गराजमध्ये सापडायचा. मिक्सर, टोस्टर, भिंतीवरचं घड्याळ, जे दिसेल ते उघडायचे. परत जोडताना दोनतीन स्क्रू उरायचेच. ते एका लोणच्याच्या बरणीत जायचे. काकू म्हणायच्या, "आमच्या घरात एकही वस्तू अख्खी नाही. लग्न तेवढं राहिलंय, कारण त्याला स्क्रू नाहीत."

ह्या सगळ्याचं मूळ कुठं आहे ते मला उशिरा कळलं. काका सांगलीचे, हेडमास्तरांचा मुलगा. तिथंच न्यू जर्सीत एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तीस वर्षं डिझाइन इंजिनिअर होते. काम काचेच्या केबिनमध्ये, कागदावर. खाली मशीनवर इक्वेडोर, डॉमिनिकन अशा देशांतून आलेले कामगार. मशीनला हात लावायचा हक्क त्यांचा, इंजिनिअरचा नाही. एकदा काकांनी उत्साहात लेथचं हँडल फिरवलं, तर युनियनकडून लेखी तक्रार आली. तेव्हापासून ते जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन नुसते उभे राहायचे आणि बघायचे. बघता बघता स्पॅनिश शिकले. हत्यारांची नावं, मापं आणि शिव्या, एवढंच. पण तेवढं अस्खलित.

"तीस वर्षं मी व्हॉल्व्हची ड्रॉइंगं केली, बेसमेंट," ते मला एकदा म्हणाले. "व्हॉल्व्ह एकही केला नाही."

असं बोलून झालं की ते लगेच काहीतरी उघडायला घ्यायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी दर रविवारी कॅनॉलच्या कडेनं सायकली चालवणाऱ्या आपल्या लोकांचा एक ग्रुप जमवला होता. मी त्यात कशी आले ते सांगायला नको. माझी आठवीतली शाळेकडून मिळालेली सायकल आणि ह्या लोकांच्या कारइतक्या महाग सायकली, ह्यांत काही संबंध नव्हता. पण चढ आला की संबंध यायचा. चढावर मी सगळ्यांच्या पुढं असायचे, हे आज लिहायला मला बरं वाटतंय. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. चढाची सवय होती.

तर काकांच्या डोक्यात स्पेन शिरलं. स्पेन म्हणजे लोकांच्या सेल्फीतलं नाही. पश्चिमेकडचा एक्स्ट्रेमादुरा नावाचा भाग, जिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथं अजून हातानं कामं करणारे कारागीर उरलेत असं त्यांना त्यांच्या एका जुन्या कामगार मित्रानं सांगितलं होतं. त्याचं आजोळ तिकडचं. दहा दिवस, सहा सायकली. मला नुकतीच पहिली नोकरी लागली होती. पासपोर्टवर फिरण्यासाठी म्हणून कुठल्याही देशाचा शिक्का नव्हता. मी लगेच हो म्हटलं. विमानतळावर काकूंनी प्रत्येकाला भडंगाची एकेक पिशवी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "येताना ह्यांनाही जोडून आण गं."

नियम तीन होते. काकांनी ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून स्वतःच्या हँडलला गुंडाळले होते. पहिला, रोज एका कारागिराकडं तासभर बसायचं. दुसरा, पहिला अर्धा तास फोन बाहेर काढायचा नाही. तिसरा, उठण्याआधी प्रत्येकानं त्या कामाला एकदा हात लावायचा. "हात लावल्याशिवाय मत द्यायचं नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

पहिल्या दिवशी समीर माझ्या बाजूनं सायकल चालवत होता. समीर पुण्याचा, वेस्ट विंडसरला राहतो, मनानं वाईट नाही. दोन्ही बाजूंना, ज्यांच्या सालीची बाटल्यांची बुचं करतात ती झाडं होती. कमरेपर्यंत साल सोलून काढलेली, तांबड्या विजारी घालून उभी राहिल्यासारखी. समीर म्हणाला, "तुझे वडील काय करतात गं?"

"चपला शिवतात. सेलूत, एसटी स्टँडसमोर."

"वॉव! म्हणजे आर्टिसनल?"

"म्हणजे चांभार," मी म्हणाले.

पुढचे दोन किलोमीटर समीर फक्त गिअर बदलत होता. ह्यात त्याला चिडवायचा माझा हेतू नव्हता. विचारलं, सांगितलं. काका तेव्हा बरेच पुढं होते, त्यांनी काही ऐकलं नाही.

मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा करणारा माणूस आम्हाला तिसऱ्या दिवशी भेटला. हा प्रकार मी जन्मात बघितला नव्हता. लोखंडी पत्रा वाकवून घंटेचा आकार करतात, त्याभोवती पितळेचे तुकडे ठेवतात आणि सगळं गवत मिसळलेल्या चिखलात लिंपून भट्टीत टाकतात. आत पितळ वितळून लोखंडावर चढतं. बाहेर काढल्यावर चिखल फोडायचा, की सोन्यासारखी घंटा. आमच्यातल्या शुभांगीताई एडिसनला औषधांच्या लॅबमध्ये आहेत. त्या विचारत होत्या, भट्टीचं टेंपरेचर किती? तो माणूस म्हणाला, ज्वाळेचा रंग बघायचा. "पण रंग म्हणजे नेमका कुठला?" असं ताईंनी चारदा विचारलं. शेवटी त्यानं त्यांना खांद्याला धरून भट्टीसमोर उभं केलं. बराच वेळ बघून ताई म्हणाल्या, "हं. आता कळलं. पण रिपोर्टमध्ये लिहिणार कसं?"

शेवटी घंटेचा सूर लावायचा असतो. हातोडीनं काठावर ठोकत आणि ऐकत. मेंढपाळाला आपला कळप आवाजावरून ओळखता यायला हवा ना. काकांनी नियमाप्रमाणे एक घंटा घेतली, ठोकली, आणि तिचा आवाज मेला. डबा वाजावा तशी वाजायला लागली. घंटेवाल्यानं ती हातातून घेतली, कुठंतरी दोनच ठोके घातले, आवाज परत आला. काका दिवसभर वेड्यासारखे खूश होते. "दोन ठोके! बघितलंस? आपण तीस पानांचं स्पेसिफिकेशन लिहितो, यार!" सत्तरीचा माणूस मला यार म्हणत होता.

चौथा नियम कुंभाराकडं तयार झाला, आणि तो आमच्याच चुकीतून.

कुंभार दोन तोंडांचा माठ करायचा. एका तोंडानं भरायचा, दुसऱ्या बारीक तोंडानं वर धरून धार प्यायची. पाणी आपल्या माठासारखंच गार. आम्ही सगळ्यांनी चाकावर हात खराब करून घेतले. दुपारचे दोन वाजले होते. सकाळी सातला खाल्लेला ब्रेड कधीच जिरला होता. तेवढ्यात त्याची बायको परातीएवढी कढई घेऊन आली. शिळ्या पावाचा चुरा, लसूण आणि लाल मिरची घालून परतलेला, वर द्राक्षं. द्राक्षं सोडली तर हुबेहूब फोडणीची पोळी. तोच वास! बाईंनी कढई आमच्यासमोर धरली आणि काहीतरी विचारलं. खाणार का, एवढं भाषा न येता कळत होतं.

आम्ही सहाही जण एका सुरात म्हणालो, "नो, नो, ग्रासियास."

आणि हसतमुखानं थांबलो. आता त्या म्हणतील, असं कसं, थोडं तरी घ्या. मग आपण म्हणायचं, अहो कशाला त्रास. मग त्या ताटलीच हातात देतील. एवढी साधी गोष्ट. पण बाईंनी मान हलवली, आमच्याइतक्याच हसतमुखानं कढई उचलली आणि आत नेली. दार लावल्याचा आवाज आला. आतून चमच्यांचा आवाज यायला लागला.

"परत येतील," समीर हळूच म्हणाला.

"नाही येणार," शुभांगीताई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, आपण नाही म्हणालो. डेटा क्लिअर आहे."

पुढचं गाव सव्वीस किलोमीटर लांब आणि दुपारी सगळी दुकानं बंद. आम्ही काकूंचं भडंग मूठमूठ खात गेलो. काका पूर्ण रस्ता भाषण देत होते. "आपण नाही म्हणायचं आणि समोरच्यानं ते खरं मानायचं नाही, हा काय व्यवहार झाला? माणूस आहे की कुलूप? तीनदा किल्ली फिरवल्याशिवाय उघडतच नाही!" संध्याकाळी त्यांनी हँडलच्या पट्टीवर पेनानं लिहिलं: चार, पहिल्याच विचारण्याला हो.

आता बूटवाल्याबद्दल. ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते हेच आहे, त्यामुळं हातही थोडा जड झालाय.

सातव्या दिवशी एका डोंगराच्या पायथ्याच्या गावात आम्ही गुराख्यांचे बूट शिवणाऱ्या माणसाकडं गेलो. दाराबाहेर सायकली लावतानाच मला वास आला. कमावलेल्या चामड्याचा, मेणाचा आणि खळीचा. हा वास माझ्या दप्तराला होता. शाळेत मुली त्या वासावरून बाक बदलायच्या. मी बाहेरच थांबले असते. पण काका म्हणाले, "चल बेसमेंट, आज तर मजा आहे."

म्हातारा आप्पांच्याच वयाचा होता. आप्पा म्हणजे माझे वडील. बुटकं स्टूल, मांडीवर चामड्याचा तुकडा, गुडघ्यांमध्ये बूट धरलेला. चामडं कापायची रापी होती, बूट चढवायचा लोखंडी पाय होता. काका प्रश्नावर प्रश्न विचारत होते आणि त्यांच्या कारखान्यातल्या स्पॅनिशला म्हातारा हसत होता. मग एकेकाचा नंबर लागला. समीरनं दोन टाके घातले, शुभांगीताईंनी चार, मोजून. म्हाताऱ्यानं भोकं पाडायची आरी माझ्यापुढं केली आणि स्टुलाकडं बोट दाखवलं.

"नाही," मी म्हणाले.

"चौथा नियम!" समीर ओरडला.

काका हसले. "अगं, एकच टाका. घाबरतेस काय?"

मी सात वर्षांची असताना आप्पा जेवायला गेले होते, तेव्हा मी त्यांच्या स्टुलावर बसून आरी घेतली आणि एका तुकड्यावर ओळीत भोकं पाडली. सुंदर पडली होती, सारख्या अंतरावर. आप्पा आले. त्यांनी बघितलं आणि मला थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. मग तसेच उठून गेले आणि शंभरपानी वही घेऊन आले. म्हणाले, "ह्याच्यावर भोकं पाड." त्यानंतर दुकानातल्या एकाही हत्याराला माझा हात लागला नाही. पोरीनं ह्या स्टुलावर बसू नये म्हणून तो माणूस आयुष्यभर त्या स्टुलावर बसला.

हे सगळं मी तिथं बोलले नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, तुमच्यासाठी ही हौस आहे. तास झाला की तुम्ही उठून सायकलवर बसता. माझ्या बापाला उठता आलं नाही. माझ्या हाताला हे लागू नये म्हणून त्यानं स्वतःचे हात घालवलेत. मी एक टाकासुद्धा घालणार नाही."

"तुझे वडील..." काका म्हणाले.

"चपला शिवतात. समीरला माहितीये. तुम्ही घंटेवाल्याला त्याच्या आजाचं नाव विचारलंत, काका. मला तीन वर्षांत गावसुद्धा विचारलं नाही."

समीर आपल्या बुटांकडं बघत होता. म्हाताऱ्याला शब्द कळले नव्हते, पण नकार कळला होता. त्यानं आग्रह केला नाही. तिकडं करतच नाहीत. त्यानं मान हलवली, आरी स्वतःकडं घेतली आणि काम पुढं चालू केलं. मला त्याचे आभार मानावेसे वाटले. कुणीतरी माझं 'नाही' हे 'नाही'च धरलं होतं.

मी बाहेर जायला वळले, आणि माझी नजर त्याच्या हातांवर पडली ती हटेना. आप्पांच्या आरीच्या टोकाला बारीक नाक असतं, वळलेलं. भोक पाडायचं आणि त्या नाकात अडकवून दोरा खालून वर ओढायचा. ह्याची आरी सरळ होती. हा नुसतं भोक पाडत होता, आणि मग एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन बाजूंनी त्याच भोकातून आरपार घालत होता. डावीकडून एक, उजवीकडून एक, आणि दोन्ही हात पसरून खेचायचा. पोहल्यासारखा. हे आप्पांनी कधी बघितलं असेल? मला माहीत होतं, नसणार. मला वाटलं, इथं मी नाही, आप्पा असायला हवे होते.

मी फोन काढला. सेलूत दुपारचे साडेतीन झाले असतील.

आप्पांनी दुकानातूनच उचलला. "काय गं, सायकलवरून पडलीस का?"

"आप्पा, हे बघा," मी म्हणाले आणि कॅमेरा वळवला.

मग फोनमधून ओरडणं आलं. "आरं, ह्याच्या आरीला नाकच नाही!"

म्हाताऱ्यानं मान वर केली. आप्पांनी आपली आरी कॅमेऱ्याला लावली, इतकी जवळ की आधी नुसतं धुरकट दिसलं. म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला, नाक बघितलं आणि मोठ्यानं हसून आतून बायकोला हाक मारली. मग आप्पांनी एक टाका घालून दाखवला. मग ह्यानं. "दोन्हीकडून शिवायलाय गं हा! एक दोरा तुटला तरी दुसरा धरतोय. त्याला म्हण, दोरा मेणवून घेतलाय का? पण दाखव की, जवळून दाखव!"

काकांनी पुढं होऊन फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. एका गुडघ्यावर बसून, इस्त्रीची पँट चामड्याच्या चुऱ्यात टेकून, तो माणूस अर्धा तास फोनचा स्टँड झाला होता. भाषांतर करायला तोंड उघडायचे, तोवर ते दोघं पुढं गेलेले असायचे. मेण, दोरा, टाच, ताण. बोटांनीच चाललं होतं सगळं. एकदा आप्पा म्हणाले, "टाच कच्ची बसवलीय त्यानं," आणि स्पेनमध्ये बसलेल्या म्हाताऱ्यानं तेव्हाच टाचेवर बोट ठेवून खांदे उडवले, काय करणार, अशा अर्थानं.

काकांची गरज फक्त एकदा लागली. आप्पा म्हणाले, "त्याला विचार, लेकरं काय करतेत?"

काकांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, मुलगी आहे, शहरात, दवाखान्यात डॉक्टर.

"तिला आरीला हात लावू दिलता का?"

काकांनी फोन नीट धरला. माझ्याकडं बघितलं नाही. मग त्यांनी तो प्रश्न सावकाश, एकेक शब्द जुळवत स्पॅनिशमध्ये विचारला. म्हाताऱ्यानं तर्जनी उचलली आणि डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं हलवली. "नुन्का."

"काय म्हणला?" आप्पा.

"कधीच नाही, म्हणाले," काका म्हणाले. त्यांचा आवाज घंटेसारखा बदलला होता, चुकीच्या जागी ठोका पडल्यावर होतो तसा.

"मग बरोबर आहे," आप्पा म्हणाले, आणि परत मेणाकडं वळले.

काकांनी माफी वगैरे मागितली नाही. माफी आणि थँक यू ह्या दोन वस्तू त्यांनी कधी वापरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली काढताना मी पाहिलं, तर हँडलवरच्या पट्टीवर तिसरा नियम पेनानं खोडला होता. त्याच्या जागी दुसरं काही लिहिलं नव्हतं. उरलेले तीन दिवस आम्ही दोन कारागिरांकडं बसलो. एक टोपल्या विणायचा, एक तांब्याची भांडी ठोकायचा. काका दोन्हीकडं नुसते बसले. हात मांडीखाली घेऊन, शाळेत बसावं तसे. समीरनं एकदा हळूच विचारलं, "काका, हात नाही लावणार?" म्हणाले, "आधी नीट बघू दे."

पिस्कॅटवेत परतल्यावर पहिल्या रविवारी जिन्याच्या तोंडाशी हाक आली. "बेसमेंट!" मी वर गेले. ते पेन उघडून उभे होते.

"तुझं गाव कुठलं?"

"सेलू."

"कुठं आलं ते?"

"परभणीच्या अलीकडं."

"आणि वडिलांचं दुकान?"

"एसटी स्टँडसमोर, गेटच्या उजवीकडं. लिंबाखाली." त्यांनी तळहातावर लिहून घेतलं आणि गराजमध्ये निघून गेले. मला वाटलं, विसरतील. हात तर रोज साखरेनं धुतात.

पुढं मी नोकरी बदलून अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला आले. आता माझं स्वतःचं गराज आहे, आणि पंक्चर काढताना मी अजून बादली घेत नाही. सामान हलवलं त्याच हिवाळ्यात काका-काकू भारतात गेले होते, दोन महिन्यांसाठी. ते सांगलीत असतील अशा समजुतीत मी होते. एका सकाळी आप्पांचा फोन आला. ते कधी स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"तुला तिकडं बेसमेंट म्हणून हाक मारतेत का गं?"

"कोण आलं होतं, आप्पा?"

"एक उंच गडी. डोक्यावर ते सायकलचं टोपडं, आणि आला एसटीनं! म्हणला, मी बेसमेंटचा घरमालक, तासभर बसू का? बस म्हणलं. बसला बाकड्यावर. हात मांडीखाली. काय बोलला नाही, काय मागितलं नाही. नुस्ता बघायला. म्या म्हणलं, शिवून बघता का एक? तर म्हणला, नाही, मी बघतो."

"मग?"

"मग काय. म्हणलं, साहेब, चहा घेता का? मला ठाऊक, असली माणसं म्हणतेत, आत्ताच झाला. आजवर सगळे तेच म्हणलेत, सगळ्यांचा आत्ताच झालेला असतोय. म्हणून मी सांगत बी नसतो, नुस्तं विचारतो. तर हा गडी पहिल्याच विचारण्याला म्हणला, हो, घेतो."

आप्पा हसायला लागले. हसता हसता खोकला आला.

"आता सांगितलाच नव्हता की! तसाच उठलो, म्हणलं, दुकानाकडं बघा जरा, अन् पळत हॉटेलावर गेलो. ह्या वयात पळालो बघ, चपलासुद्धा घातल्या नाहीत. परत आलो दोन कप घेऊन, तर एक बाई तुटलेली चप्पल त्यांच्यापुढं धरून उभी. त्यांनाच दुकानदार समजून म्हणायली, लवकर करा, गाडी जाईल माझी."

"आणि काका?"

"उभे राहिले होते. चप्पल दोन्ही हातांत धरून, देवाची वस्तू धरावी तशी. तिला म्हणत होते, बाई, मला येत नाही. मालक चहा आणायला गेलेत, आत्ता येतील, तुम्ही बसा."